आडव्या खांबावरची आघाडी

माझ्या लहानपणी काही वर्षं आमच्या घराला दार नव्हतं. होतं ते वडिलांनी विकलं. सागाचं होतं, आजोबांनी बसवलेलं, आणि घरात विकण्यासारखं तेवढंच उरलं होतं. त्याआधी पाणी भरायचा पितळी गुंड गेला, मायचं शिलाई मशीन गेलं, आणि शेवटी वडिलांचा स्वतःचा बाजा गेला. वडील लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचे. वाजवायचे फार छान, पण हातभट्टी पोटात गेली की थांबायचे नाहीत. नवरीची गाडी घाट चढून पार बुलढाण्याला पोचली तरी हे मांडवात एकटेच वाजवत उभे. एकदा बँडच्या मागे राहिले, रस्ता चुकले आणि एका मयताच्या तेरवीत शिरून तिथं वरातीचं नाचाचं गाणं वाजवून आले. तेरवीवाल्यांनी मारलं, बँडवाल्यांनी काढलं, आणि मग दाराची पाळी आली.

दाराच्या जागी मायनं फ्लेक्स टांगला. कुठल्याशा पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा, वाऱ्यानं रस्त्यावर आलेला. त्यामुळे आमच्याकडे येणाऱ्याचं स्वागत हात जोडून उभा असलेला पुढारी करायचा. वारा सुटला की तो फडफडत घरात यायचा. माय चुलीपासून न उठता म्हणायची, "निवडणूक जवळ आली वाट्टे."

फ्लेक्स मागून पांढरा असतो. त्या पांढऱ्या बाजूवर मी कोळशानं पाढे लिहिले, मग इंग्रजीची क्रियापदं, मग इतिहासातली युद्धं. मी दहावीत असताना वडील गेले. माय कापूस वेचायला आणि सोयाबीन सोंगायला जात राहिली आणि मी बुलढाण्याच्या कॉलेजातून बी.ए. झाले. आमच्या घराण्यात पहिली. ही गोष्ट मी कुणी न विचारताही सांगते आणि पुढंही सांगणार आहे.

गावच्या ग्रामपंचायतीत संगणकावर बसायचं काम मिळालं. पहिल्या पगारात मी दार बसवलं. पत्र्याचं, हिरव्या रंगाचं. माय त्या दिवशी कामाला गेली नाही. दिवसभर दार उघडून लावून, उघडून लावून पाहत बसली.

आता धाकट्या भावाचं सांगते. तो पिकअप गाडी चालवायचा. मोताळ्याच्या बाजारात माल नेणं-आणणं. गाडीवरच्या पोट्ट्यांच्या संगतीनं त्याला गोळ्यांची सवय लागली. झोपेच्या गोळ्या, आमच्याकडची पोट्टी त्यांना 'बटन' म्हणतात. वरून खोकला नसताना खोकल्याचं औषध. गाडीमालकानं त्याला काढलं, कारण तो बाजारात माल उतरवायला जायचा आणि मालावरच झोपायचा. एकदा त्याला कोबीसकट उतरवून घेतला होता.

तरी मी फार बोलत नव्हते. मग एका सकाळी मी दार ढकललं तर ते उघडायच्या ऐवजी माझ्या अंगावर आलं. वरच्या बिजागऱ्यांचे स्क्रू काढलेले. खालची बिजागरी तेवढी शाबूत होती, कारण स्क्रू काढता काढता भावाला तिथंच झोप लागली होती. उंबऱ्यावर डोकं, हातात पेचकस.

माय आली. दाराकडं पाहिलं, पोराकडं पाहिलं.

"बापावर गेला," ती म्हणाली. "पण बापानं दार एकट्यानं नेलतं. याच्याच्यानं तेही होत नाही."

तेव्हा मला हसू आलं आणि दुपारी ग्रामपंचायतीत कुणी नसताना रडू आलं. संध्याकाळी मी भावाला धरून बसवलं.

"दवाखान्यात चाल."

"नाही जात."

"काऊन?"

"बसमधी सारं गाव असते. कंडक्टर इचारते, कुठी चालला? मी काय सांगू? बटन सोडाले? त्याच्यापरीस मेलेला बरा."

"मग कसं करतं?"

"डॉक्टर इथी येत असंन त जातो. आपल्या गावात. बुलढाण्याले नाही."

"खरं?"

"बटनाची शप्पथ."

"बटनाची काय शप्पथ घेतं बे!"

पण शब्द दिला होता. आता मला फक्त एक डॉक्टर गावात आणायचा होता, आणि आमच्या गावात तर एसटीसुद्धा मनात आलं तर येते.

थोड्याच दिवसांत ग्रामपंचायतीच्या संगणकावर एक परिपत्रक आलं. व्यसनमुक्तीसाठी गावोगावी लोकांची आघाडी उभी करा, आघाडीला अनुदान मिळेल. अनुदानातून दर आठवड्याला डॉक्टर आणि समुपदेशक गावात येतील, औषधं मिळतील. अट एकच. एकट्या संस्थेला काही मिळणार नाही. मंदिर कमिटी, विहार कमिटी, बचत गट, शाळा, शेतकरी, मजूर, दुकानदार, तरुण, सगळे एकत्र येऊन बसतात, नेहमी बसतात, हे तपासणीत दिसलं पाहिजे.

मी सरपंचबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "डॉक्टर आणणं सोपं हाये. हे एकत्र बसणं कठीण."

पहिली बैठक ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये ठेवली. आता, आमच्या गावात कुठलीही बैठक सत्काराशिवाय सुरू होत नाही. शाल आणि नारळ. गावाची शाल एकच आहे आणि नारळही एकच. एकाला पांघरायची, टाळ्या वाजवायच्या, त्यानं ती काढून घडी करून परत द्यायची, मग पुढचा. नारळाचंही तसंच. हे सगळ्यांना माहीत असतं, त्यामुळे शाल घरी नेण्याचा विचार कुणाच्या मनात येत नाही. त्या दिवशी आधी कुणाचा सत्कार यावर वाद झाला. मग हॉलमधल्या हातवाल्या खुर्चीवर कोण बसणार यावर झाला, कारण हातवाली खुर्ची एकच. निवृत्त मुख्याध्यापक, ज्यांना सगळे गुरुजी म्हणतात, ते म्हणाले की आपल्याला कशाचीच हाव नाही, आणि जाऊन तिच्यात बसले. मंदिर कमिटीचे लोक उठून गेले. मग गुरुजी उठले, तर विहार कमिटीचे लोक म्हणाले, आता काऊन उठले? आणि तेही गेले. शाल फिरत राहिली. गांजा, बटन, दारू यातला एकही शब्द निघाला नाही. शेवटी हॉलमध्ये मी, सरपंचबाई आणि नारळ.

दुसऱ्या बैठकीला कुणीच आलं नाही. मी बी.ए. आहे, अशी हार मानत नाही. घरोघर बोलवायला निघाले. मंदिर कमिटीच्या अध्यक्षांच्या घरी गेले.

"ठेल्यावर गेले."

विहार कमिटीच्या सचिवांच्या घरी.

"ठेल्यावर."

गुरुजींच्या घरी काकू म्हणाल्या, "ठेल्यावरच पाह्य ना माय. घरी असते का ते कधी?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्या एसटी थांब्याला एक पानठेला आहे. ठेल्यासमोर जुना सिमेंटचा विजेचा खांब आडवा पडलेला आहे. तो वादळात पडला, नवा उभा राहिला, जुना कुणी नेला नाही. त्या खांबावर सगळं गाव बसतं. मोठा शेतकरी, त्याचाच मजूर, मंदिरवाले, विहारवाले, गुरुजी, पोट्टे. खांबाला हात नसतात, पाठ नसते आणि पहिली रांगही नसते. तिथं सत्कार नाही. जो येईल तो सरकायला लावतो आणि बसतो. आणि खांबावर बसून सगळे खर्रा खातात. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून ठेलेवाले काका जो खर्रा देतात, त्याला म्हणे तालुक्यात तोड नाही.

व्यसनाविरुद्धची आघाडी तंबाखूच्या दुकानात आयतीच बसलेली होती.

बाईमाणसानं ठेल्यावर उभं राहायची आमच्याकडं पद्धत नाही. मी गेले तशी अख्ख्या खांबानं मान खाली घातली.

"मॅडम, रस्ता चुकल्या का?" कुणीतरी म्हणालं.

"नाही. बैठकीले आली."

"बैठक हॉलमधी हाये ना?"

"हॉलमधी कोण हाये?"

ठेलेवाले काका घोटणं थांबवून म्हणाले, "ताई, एक सांगू का? माह्या ठेल्यावर व्यसनमुक्तीची बैठक घेसान, त मी काय खाऊ?"

"काका, आपण आधी बटनाचं अन् गांज्याचं बोलू."

बटनाचं नाव काढताच काकांचा चेहरा बदलला. "मंग घ्या! बटनाले मी पहिल्यापासून विरोधात. बटनवाला पोट्टा खर्रा खातच नाही. येते, खांबावर आडवा होते, चार माणसाईची जागा खाते. गिऱ्हाईकानं बसावं कुठी? तुमचाच भाऊ पाहा."

पाहिलं. खांबाच्या टोकाला माझा भाऊ झोपलेला होता. सगळे त्याच्या पायांपासून बेतानं सरकून बसले होते.

"पण माही एक अट हाये," काका म्हणाले. "एवढे वर्षं झाले, या गावानं माहा सत्कार नाही केला. चपराशाचा केला, पाहुण्याच्या ड्रायव्हरचा केला. माहा नाही."

मी शब्द दिला. तेव्हापासून रोज संध्याकाळी खांबावर बैठक सुरू झाली. पहिल्या दिवशी मी मायला घेऊन गेले. माय जाऊन सरळ खांबाच्या मधोमध बसली, जशी काय रोजचीच. मग बचत गटाच्या बायका आल्या. बायका बसल्या तसे पुरुष उभे राहिले, आणि उभ्यानं खर्रा खाताना त्यांना लाज वाटायला लागली. ते ठेल्यामागं जाऊन खायचे आणि तोंड पुसून पुढं यायचे. गुरुजी तर तोंडात खर्रा ठेवून बैठकीत फक्त मानेनं मत द्यायचे. बोलायची वेळ आली की "उंऽ उंऽ" करायचे. एकदा त्यांच्या त्या "उंऽ" वर ठराव मंजूर झाला.

पण काम झालं, खोटं कशाला बोलू. गोळ्या कुठल्या रस्त्यानं येतात, कोणता पोट्टा आणतो, कोणत्या मायचं पोरगं घरी येत नाही, हे सगळं खांबाला आधीच माहीत होतं. फक्त आजपर्यंत ते गप्पा म्हणून बोलत होते, आता ठरवून बोलायला लागले. किराणा दुकानदार पोट्ट्यांना समज द्यायला लागला. मंदिरवाले आणि विहारवाले मिळून एका बटनवाल्या पोट्ट्याच्या घरी गेले. त्या घरची म्हातारी घाबरली. तिला वाटलं, एवढे सगळे एकत्र आले म्हणजे कुणीतरी गेलं.

आणि तपासणीचा दिवस आला. बुलढाण्याहून तपासणी अधिकारी मॅडम येणार. पाहुण्यांना खांबावर कसं बसवायचं म्हणून सरपंचबाईंनी बैठक हॉलमध्ये ठेवली. फ्लेक्स लावला, हातवाली खुर्ची पुसली. मॅडम आल्या, बसल्या, सत्कार झाला. सगळी आघाडी समोर. मॅडमनी विचारलं, "तुम्ही इथं नियमित बसता का?"

माणसं तीच, पण खुर्च्यांवर बसली की परकी होतात. मंदिरवाले एका भिंतीला, विहारवाले दुसऱ्या भिंतीला. गुरुजी म्हणाले, "उंऽ."

मॅडमनी पेन बंद केलं. मला डोळ्यांसमोर माझं दार दिसलं, तिरकं लटकलेलं.

"मॅडम," मी उठून म्हणाले, "आम्ही इथं बसतच नाही. चला, कुठं बसतो ते दाखवते."

मॅडम निघाल्या, मागं अख्खी आघाडी. एक अडचण झाली. सत्काराची शाल मॅडमच्या खांद्यावर राहिली आणि नारळ त्यांच्या पर्समध्ये गेला. त्यांना वाटलं, दिला. सगळ्या गावाचे डोळे त्या पर्सवर. सरपंचबाई माझ्या कानात म्हणाल्या, "नारळ गेला वं!"

ठेल्यावर पोचलो आणि मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. काकांनी पाहुण्या येणार म्हणून आपल्या मनानं तयारी केली होती. ठेल्याच्या कपाळावर लिहिलेलं होतं 'स्पेशल खर्रा', त्याच्या खाली नव्या रंगानं 'व्यसनमुक्ती आघाडी कार्यालय'. आणि पाहुण्यांना देतात तशी स्टीलची थाळी सजवलेली. पान, सुपारी, चुना, आणि मधोमध खास घोटलेला खर्रा, वर गुलाबाची पाकळी.

"घ्या मॅडम," काका म्हणाले. "तंबाखू कमी टाकली. बाईमाणसाईचं."

मॅडमनी थाळीकडं पाहिलं, पाटीकडं पाहिलं. मग माझ्याकडं. मी बी.ए. असूनही तोंडासमोर परिपत्रक धरलं.

एवढ्यात बाकीचे सवयीनं खांबावर बसले. सरका, सरका, झालं. मंदिरवाल्यांच्या मांडीला विहारवाल्यांची मांडी. शेतकरी मजुराला म्हणाला, "सरकतं का बे?" मजूर म्हणाला, "तूच सरक, जाड्या." माय मधोमध. आणि लगेच सगळे एकदम बोलायला लागले. गोळ्या कुठून येतात, कोण सुधारलं, कोण बिघडलं, कुणाच्या घरी जायचं राहिलं. मॅडम उभ्या राहून ऐकत राहिल्या. मग त्या खांबावर, मायच्या शेजारी बसल्या. पेन उघडलं.

बऱ्याच वेळानं त्यांनी टोकाकडं बोट केलं. "हे कोण?"

भाऊ. नेहमीच्या जागी, आडवा.

"माझा भाऊ," मी म्हणाले. "याच्यासाठीच चाललंय हे सगळं. तो म्हणतो, डॉक्टर गावात आले तर जाईन. आघाडी झाली तरच डॉक्टर येतील. बाकी तुमच्या हातात."

मॅडमनी ते लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "एवढी माणसं एका जागी मी दुसऱ्या गावात पाहिली नाहीत. पण तंबाखूच्या दुकानाला व्यसनमुक्तीचं अनुदान मी कसं देऊ? तंबाखू इथून गेली पाहिजे."

सगळ्या खांबानं काकांकडं पाहिलं. काकांनी आपल्या पन्नीकडं.

"सुपारी चालंन का?" काका म्हणाले.

"नाही."

"सोमवारी बंद ठेवतो."

"काका!"

"मंग माहं काय? अन् मी खुद खातो ना ताई! पोट्टा होतो तवापासून खातो. मले कोण सोडवंन?"

तेव्हा भाऊ उठून बसला. केव्हापासून जागा होता कोण जाणे. डोळे चोळत म्हणाला, "काका, पैज लावता?"

"कायची बे?"

"तुम्ही खर्रा सोडा, मी बटन सोडतो. पाहू कोण पहिले बोंबलते."

खांबावर शिट्टी वाजली. आमच्या ठेल्यावर क्रिकेटपासून पावसापर्यंत सगळ्यावर पैज लागते, आणि लागलेल्या पैजेतून माघार घेतलेला माणूस पुन्हा खांबावर बसू शकत नाही. काका फसले, आणि त्यांना कळलं की ते फसले.

"तुह्या बापाइतकाच आगाऊ हायेस," ते म्हणाले. मग थाळीतला तो पाकळीवाला खर्रा उचलला, एकदा वास घेतला, आणि नालीत टाकला. खांबावर गुरुजींच्या तोंडून पहिल्यांदा स्पष्ट शब्द निघाला. "अरेरे!"

मॅडमनी खांद्यावरची शाल काढून काकांना पांघरली आणि पर्समधला नारळ त्यांच्या हातात दिला. टाळ्या पडल्या. काकांनी शाल घट्ट धरली आणि आनंदाच्या भरात नारळ ठेल्याच्या दगडावर हाणून फोडला. गाव गपकन थांबलं. तो नारळ फोडायचा नसतो, तो फिरवायचा असतो. आत पाण्याचा थेंब नव्हता, खोबरं वाळून खडखडीत गोटा झालेलं. प्रत्येकाला एक तुकडा मिळाला आणि सगळे बराच वेळ चावत बसले.

शाल काकांनी परत दिली नाही.

अनुदान मिळालं. डॉक्टर आणि समुपदेशक शनिवारी येतात. ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये बसतात, आणि हातवाली खुर्ची आता पेशंटला देतात. पहिल्या शनिवारी दोनच पेशंट होते. एक भाऊ, एक काका. दोघं शेजारी बसून एकमेकांवर डोळे वटारत होते, कोण पहिला बोंबलतो म्हणून. पुढचे आठवडे फार वाईट गेले. काका गिऱ्हाइकांवर ओरडायचे, भाऊ मायवर. भाऊ मध्ये एकदा घसरला. तेव्हा काकाच त्याला घरून उठवून हॉलमध्ये घेऊन गेले आणि वाटेत गावभर सांगत गेले की आपण जिंकलो. मग काकाही एकदा ठेल्यामागं सापडले, तेव्हा भावानं त्यांना नेलं. आता कोण जिंकलं यावर खांबावर वाद आहे.

ठेल्यावर चहा आणि आलुबोंडे मिळतात. आलुबोंडे बरे नसतात. 'स्पेशल'च्या पुढचा शब्द खोडलाय, पुढं काय लिहायचं ते अजून ठरत नाही.

शनिवारी आता हॉलबाहेर रांग लागते. भावाचं बटन सुटलं. तो पुन्हा पिकअप चालवतो. बिजागऱ्यांचे स्क्रू त्यानं स्वतः बसवले. आमच्या घराला दार आहे.